शिडाच्या जहाजावरचे टॅकल: कप्पी निवडण्यापासून दोर उलटा करण्यापर्यंत

टॅकल, म्हणजे कप्प्यांतून दोर ओवून केलेले ओढायचे साधन, जड चालते म्हटले की पुष्कळ जण आणखी एक चाक वाढवतात. बहुतेक वेळा दुखणे दुसरीकडेच असते. दोराच्या मानाने चाक लहान असते, चाक जिच्यावर फिरते ती पिन कोरडी पडलेली असते, नाहीतर ओढ कप्पीच्या रेषेत नसते. अशा टॅकलला चाक वाढवले की घर्षण वाढते, ओढायचा दोर लांबतो आणि काम होते तेवढेच जड राहते. म्हणून इथे एकच टॅकल घेऊन ते पहिल्यापासून तयार करू. एक दोन चाकांची कप्पी आणि एक एका चाकाची. जहाजावर याला लफ टॅकल म्हणतात. याची लहान, हाताशी ठेवायची जोडी म्हणजे हँडी बिली. शिडाचा कोपरा ताणणे, होडी आत घेणे, सैल पडलेला दोर कसणे अशी डेकवरची निम्मी कामे यावर होतात. आपण ३०० किलो वजन धरून चालू.

आधी हिशेब. तो न करता दोर कापू नये.

दोन चाकांची कप्पी वर टांगली आणि एका चाकाची वजनाला लावली, तर वजन तीन दोरांवर येते. कागदावर ओढ १०० किलो. प्रत्यक्षात प्रत्येक चाक घर्षण खाते. खलाशांचा जुना आणि भरवशाचा नियम असा की दर चाकामागे वजनाचा दहावा भाग वाढवून धरायचा. तीन चाके, म्हणजे ३०० मध्ये ९० मिळवले, ३९० झाले. त्याला तिनाने भागले की खरी ओढ १३० किलो. हेच टॅकल उलटे लावले, म्हणजे दोन चाकांची कप्पी हलणाऱ्या बाजूला घेतली, तर चार दोर भार घेतात आणि ओढ साधारण ९८ किलोवर येते. ओल्या डेकवर उभ्या असलेल्या एका माणसाची सलग ओढ ३० किलोच्या आसपास धरावी. पहिल्या मांडणीला पाच जण लागतील, दुसरीला चार. आडव्या कामात, जिथे ओढीची दिशा हवी तशी घेता येते, तिथे उलटी मांडणीच घ्या. डोलकाठीवरून वजन उचलताना मात्र डेकवर उभे राहून खाली ओढायचे असते, त्यामुळे पहिली मांडणी पत्करावी लागते.

वरचा आधार किती भार घेतो हे बहुतेक जण विसरतात. खाली ओढताना वरच्या कप्पीवर ३०० किलो वजन आणि १३० किलो ओढ असे दोन्ही येतात, म्हणजे ४३० किलो. तुटतो तो बहुधा वरचा आकडा (हूक) किंवा वरचा स्ट्रॉप (कप्पीभोवतीचे दोराचे कडे), वजनाचा आकडा नव्हे. ओढीचा दोर डेकवरच्या आणखी एका कप्पीतून काटकोनात वळवला तर ओढ १४३ किलोच्या घरात जाते आणि त्या वळणाच्या कप्पीच्या बुडाशी सुमारे १९० किलोचा ताण येतो. दोर पूर्ण उलटा फिरवला तर तो ओढीच्या दुप्पट होतो. ही कप्पी अडकवायला जे हाताशी दिसेल ते रिंग किंवा खुंटी वापरू नका.

आता दोर आणि कप्पी. ही जोडी एकत्रच निवडायची. लाकडी कप्पीचे माप तिच्या कवचाच्या लांबीवरून ठरते आणि जुना नियम सोपा आहे. कवचाची लांबी दोराच्या घेराच्या तिप्पट, चाकाचा व्यास घेराच्या दुप्पट. १६ मिमी व्यासाच्या दोराचा घेर ५० मिमी. म्हणजे १०० मिमीचे चाक आणि १५० मिमीची कप्पी, जुन्या भाषेत सहा इंची. आपल्या कामाला हेच माप घ्या.

दोराची ताकद काढायला व्यापारी जहाजांवर शिकवले जाणारे सूत्र वापरा. मनिलाच्या, म्हणजे अबाकाच्या नैसर्गिक तंतूंच्या, दोराचा तुटण्याचा भार टनात काढायला मिमीमधल्या व्यासाचा वर्ग, गुणिले दोन, भागिले ३००. १६ मिमीला तो १.७ टन येतो. कामाला त्याचा सहावा भाग धरायचा, म्हणजे सुमारे २८० किलो. ओढीच्या टोकावर १३० किलोच आहेत, मग १२ मिमीचा दोरही १६० किलोपर्यंत चालेल, हे खरे. पण १२ मिमीचा दोर पाच माणसांच्या हातांना धरवत नाही, ओला झाला की निसटतो, आणि १६ मिमीसाठी कोरलेल्या खोबणीत तो चपटा होऊन झिजतो. टॅकलचा दोर हाताला पुरेल इतका जाड असावा.

पॉलिएस्टरचा दोर घ्यायचा असेल तर दोनाऐवजी चाराने हिशेब होतो. सूत्रात दोनाच्या जागी चार येतात, म्हणजे ताकद दुप्पट. पण त्याला चाक मोठे लागते, व्यासाच्या किमान आठपट. १४ मिमीला ११२ मिमीचे चाक, आणि ते १५० मिमीच्या कप्पीत बसत नाही, तेव्हा कप्पी एक माप मोठी घ्यावी. नायलॉन इथे नको. ते ताणाखाली लांबते, भिजल्यावर आणखी नरम पडते, आणि कसलेले शीड दर झुळकीला सैल होते. पॉलिप्रोपिलीन स्वस्त आणि तरंगणारे, पण उन्हात कडक होऊन त्याचे तंतू तुटतात, आणि खुंटीवरून घसरवताना घर्षणाने वितळून चिकटते. काथ्याचा दोर हलका आणि लवचीक असतो, पाण्यावर तरंगतो, बांधून ठेवायला तो उत्तम. मात्र त्याची ताकद मनिलापेक्षा फार कमी, म्हणून टॅकलमध्ये घालू नये.

कप्पी हातात घेतली की चार गोष्टी तपासा. चाक बोटाने फिरवल्यावर न अडखळता फिरले पाहिजे आणि पिनवर डुगडुगता कामा नये. खोबणीला कुठेही धार किंवा टवका नको. कवच साधारणपणे ॲश किंवा एल्मच्या लाकडाचे असते, त्याला पिनच्या भोकापासून रेषेत जाणारी चीर असेल तर ती कप्पी बाजूला ठेवा, कारण भार नेमका तिथेच येतो. आणि चाकाची बाजू व कवचाचा गाल यांच्यातली फट पाहा. दोर त्यात शिरू शकत असेल तर ताण सैल पडताच तो खोबणीतून उडून तिथे घट्ट अडकेल. असा दोर मोकळा करायला कप्पी उतरवावी लागते, आणि हे नेहमी वजन अधांतरी असतानाच घडते.

चांगल्या जुन्या कप्पीचे चाक लिग्नम व्हिटेचे असते. पाण्यात बुडणारे हे लाकूड अंगच्याच राळेने स्वतःला वंगण पुरवते. ते रंगवू नका, त्यावर वॉर्निशही नको. पिन काढून पुसावी, तिला चरबी किंवा ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि परत घालताना अर्धा वळसा फिरवून घालावी. पिन एकाच बाजूने झिजते, फिरवली की दुप्पट टिकते. कवचाला कच्चे जवसाचे तेल पुरते. साध्या लाकडाचे चाक असेल तर पावसाळ्याच्या आधी ते पाण्यात भिजवून पाहा. फुगून गालांना घासत असेल तर बाजू किंचित तासा.

कप्प्या घडवण्याचे काम कारागिरांच्या हातून यंत्रांकडे गेले ते इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत. तिथे मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावर हेन्री मॉडस्लेने ४५ यंत्रे घडवली आणि दहा माणसे ११० कारागिरांचे काम करू लागली. १८०८ साली तिथून १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. इतक्या लागतही होत्या. व्हिक्टरी या युद्धनौकेला नुसत्या शिडांच्या दोरांसाठी ७६८ कप्प्या लागत.

स्ट्रॉप

लाकडी कप्पीभोवती बाहेरच्या खाचेत बसणारे दोराचे कडे म्हणजे स्ट्रॉप. सारा भार हेच वाहते, कवच फक्त चाक सांभाळते. आयता स्ट्रॉप मिळत नाही, तो आपणच करायचा, आणि घाई करायची नाही.

स्ट्रॉपचा दोर ओढीच्या दोरापेक्षा पातळ नको. आपल्या वरच्या कप्पीवर ४३० किलो येतात, ते स्ट्रॉपच्या दोन पायांत वाटले की प्रत्येकी २१५. १६ मिमीचा मनिला त्याला पुरतो. एक सुतळी कप्पीच्या खाचेतून आणि वरच्या थिंबलभोवतून (फासात बसणारे खोबणीचे धातूचे कडे) फिरवा, मध्ये आवळण बसेल एवढी जागा सोडा आणि लांबी मोजा. समजा ६० सेंमी आली. कड्याच्या घेराच्या साडेतीनपट पेड लागतो, म्हणजे २.१ मीटर. तीन पेडांच्या दोरातून एक पेड अलगद सोडवून घ्या. त्याचा नागमोडी पीळ मोडू देऊ नका, त्या पिळावरच कडे उभे राहते.

पेडाचे ६० सेंमीचे कडे करा आणि उरलेले टोक त्याच्याच पिळाच्या खोबणीतून पुन्हा पूर्ण फिरवा, मग तिसऱ्यांदा फिरवा. आता एका पेडाचे तीन पेडांचे अखंड कडे झाले. दोन टोके जिथे भेटतात तिथे दोन्हींतले निम्मे धागे कापा, उरलेल्यांची खोबणीत बसेल अशी साधी गाठ मारा आणि शेवट शेजारच्या पेडांखाली दोनदा ओवा. गाठ पिळाच्या विरुद्ध दिशेने मारली तर तिथे फुगा येतो आणि स्ट्रॉप खाचेत बसत नाही.

कड्याला पाइनचे डांबर लावा. जहाजावर ते स्टॉकहोम टार नावाने येते. रस्त्याचे डांबर चालत नाही, ते उन्हात वितळते, थंडीत तडकते आणि आत पाणी धरून ठेवते. मग पेडांमधल्या खोबणीत बारीक दोरी भरा, त्यावर डांबरात भिजवलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्या पिळाच्या दिशेने गुंडाळा, आणि सर्वांवर मार्लाइनचे (बारीक डांबरी दोरीचे) घट्ट वेढे पिळाच्या उलट दिशेने द्या. दिशा महत्त्वाची आहे. वरचे वेढे पिळाच्याच दिशेने दिले तर दोर ताणताच ते सैल पडतात. छोट्या हँडी बिलीला एवढे गुंडाळणे गरजेचे नसते, कायम उघड्यावर राहणाऱ्या कप्पीला हवेच.

कप्पीवर चढवताना कड्याचा जोड तळाकडे, थिंबलपासून लांबच्या टोकाला ठेवा. खालच्या एका चाकाच्या कप्पीला तळाशी एक लहान थिंबल लागेल. तिथे दोराचे बांधलेले टोक येणार आहे. या जागेला बेकेट म्हणतात, आणि तो स्ट्रॉप चढवतानाच घालावा लागतो, मागाहून नीट बसत नाही.

आता कवच आणि थिंबल यांच्या मध्ये आवळण. बारीक डांबरी दोरीच्या एका टोकाला छोटा फास करा, दोरी स्ट्रॉपच्या दोन्ही पायांभोवती फिरवून फासातून काढा आणि सात वेढे शेजारी शेजारी द्या. प्रत्येक वेढा स्पाइकला (दोरकामाच्या टोकदार लोखंडी सळीला) अडकवून जोराने ओढा, नुसत्या हाताने पुरेसा कसत नाही. शेवटचे टोक वेढ्यांच्या आतून परत आणून फासातून बाहेर काढा. त्यावर सहा वेढे दुसऱ्या थरात, खालच्या वेढ्यांच्या मधल्या खोबणीत. हे खालच्याइतके कसू नका, नाहीतर खालचे वेढे फाकतात. शेवटी दोन पायांच्या मधून आडवे दोन वेढे घेऊन गाठ मारा. या आडव्या वेढ्यांनीच सगळे जागच्या जागी राहते.

आवळण झाल्यावर कप्पी थिंबलला टांगून खाली जोराने झटका द्या. कवच स्ट्रॉपमध्ये हलले तर आवळण उसवून पुन्हा करा. पाचर ठोकून भागवू नका. पाचर पहिल्या पावसानंतर निसटते.

दोर ओवणे

लांबी ठरवा. वरची कप्पी डेकपासून ६ मीटरवर आणि दोन कप्प्यांतले जास्तीत जास्त अंतर ५ मीटर असेल तर मधल्या तीन दोरांचे १५, वरून डेकपर्यंत ६, हातात धरायला आणि खुंटीला बांधायला ४, आणि चाकांभोवती व सांध्यात दीड. साडेसव्वीस झाले, २८ कापा. नव्या गुंडाळीचा दोर आतल्या टोकाने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने बाहेर येईल असा काढा. बाहेरच्या टोकाने ओढलात तर दर वेढ्याला एक पीळ पडेल आणि टॅकल भाराखाली स्वतःभोवती गिरक्या घेईल. दोन्ही टोकांना सुई-दोऱ्याने पक्की गुंडाळी करा. चिकटपट्टी चाकातून दोनदा गेली की सुटते.

कप्प्या डेकवर मीटरभर अंतरावर, आकडे बाहेरच्या बाजूला करून ठेवा. दोराचे टोक दोन चाकांच्या कप्पीच्या एका चाकावरून आणा, एका चाकाच्या कप्पीतून फिरवा, परत येऊन पहिल्या कप्पीच्या दुसऱ्या चाकावरून घ्या आणि पुन्हा एका चाकाच्या कप्पीकडे नेऊन बेकेटला बांधा. दोर नेहमी चाकाच्या आकड्याकडच्या बाजूने जातो, तिथेच कवचात मोठी फट असते. तळाकडच्या फटीतून ओवलेला दोर चाकावर भारच टाकत नाही, तो लाकडाला घासतो. पहिल्यांदा ओवताना ही चूक सर्रास होते, आणि टॅकल जड का चालते हे मग लवकर कळत नाही.

बेकेटचे टोक कायमचे असेल तर थिंबलभोवती फास सांधा. मनिलाला किमान तीन पूर्ण ओवण्या, कृत्रिम दोराला पाच. तिथे नुसती गाठ मारली तर ताकद जवळपास निम्म्यावर येते. आकड्यांची तोंडे बारीक दोरीचे वेढे देऊन बंद करा. दोर सैल पडला की उघडा आकडा रिंगमधून आपोआप बाहेर येतो.

सहा चाकांचे टॅकल करायचे असेल, तीन-तीन चाकांच्या दोन कप्प्यांचे, तर कप्प्या एकमेकींशी काटकोनात ठेवून ओवा आणि ओढीचे व बांधलेले अशी दोन्ही टोके मधल्या चाकाच्या रेषेत आणा. कडेच्या चाकावरून ओढले की कप्पी तिरकी होते आणि दोर गालाला कापू लागतो. त्याआधी दुसरा मार्ग मात्र जरूर पाहा. चार दोरांच्या टॅकलच्या ओढीवर आणखी एक तसेच टॅकल लावले की कागदावर सोळापट फायदा मिळतो, आणि सहाच चाके लागतात. अडकलेली जड वस्तू थोडीशीच हलवायची असेल तर हे सर्वांत चांगले.

चालवताना

एकच माणूस हुकूम देईल. इतरांनी दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही आणि दोराच्या वळणाच्या आत, म्हणजे कप्पी तुटली तर दोर ज्या कोपऱ्यातून फटकारेल तिथे उभे राहायचे नाही. वजन एक मीटर चढायला तीन मीटर दोर ओढावा लागतो, तेव्हा मागे चालायला जागा मोकळी ठेवा.

दोन कप्प्या एकमेकींना भिडू देऊ नका. अर्धा मीटर राहिला की थांबा. पुढे न्यायचे असेल तर वजनाच्या दोरावर दोराचा स्टॉपर घाला. एक अर्धी गाठ, मग वजनाच्या बाजूला सरकत चार-पाच वेढे, आणि टोक हाताने घट्ट धरलेले. भार हळूहळू स्टॉपरवर द्या, टॅकल सोडा, कप्प्या पुन्हा लांब करा आणि पुढून अडकवा. मनिलाच्या दोराला मनिलाचाच स्टॉपर. नायलॉनचा स्टॉपर घसरतो आणि तापून चिकटतो.

शेवटचे चार बोटे कसायला सगळ्यांनी ओढून काही होत नाही. दोन जणांनी दोर कप्पी आणि खुंटीच्या मध्ये धरून आडवा बाहेर खेचावा, आणि तो परत येताना तिसऱ्याने खुंटीवरची सैल गोळा करावी. आडव्या ओढीला दोराच्या दिशेतला ताण कितीतरी पटींनी मिळतो. गोव्याला बांधलेल्या ‘तरंगिणी’सारख्या शिडाच्या जहाजावर शिकायला जाणाऱ्यांनी ही हातोटी आधीच अंगवळणी पाडावी.

उतरवताना खुंटीवर एक वेढा ठेवून सोडा. खुंटीला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे पुरतात, भाराखालच्या दोराला वर गाठ मारू नका, घाईत ती सुटत नाही.

मनिला भिजला की जाड होतो आणि आखूड होतो. पाऊस येताना किंवा रात्री दव पडायच्या आधी कसलेली टॅकले थोडी सैल करा, नाहीतर स्ट्रॉप ताणतात किंवा आकडे उघडतात. सुकल्यावर परत कसावी लागतात, हे रोजचे काम आहे.

ओला दोर गुंडाळून पेटीत टाकू नका. गोडे पाणी मारून मीठ काढा, वारा लागेल असा टांगा. कोकणच्या पावसाळ्यात मनिला बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून कुजतो. दर महिन्याला तीन-चार ठिकाणी स्पाइकने पेड उघडून आत पाहा. आतले धागे राखाडी असतील, भुगा पडत असेल किंवा कुबट वास येत असेल तर तो दोर भाराच्या कामातून काढा. त्याच फेरीत स्ट्रॉपचा थिंबलवर बसणारा भाग बोटाने चाचपा. तिथे वरचे वेढे अखंड असूनही आत मऊ लागले तर पाणी शिरलेले आहे, स्ट्रॉप उघडावा.

आणि दोर वर्षातून एकदा उलटा ओवा. ओढीचे टोक बेकेटला, बेकेटचे टोक ओढीला. चाकांवरून सतत जाणारा भाग आणि खुंटीवर घासणारा भाग असे दोन्ही बदलतात. सांधा पुन्हा घालावा लागतो, त्यात अर्धा मीटर दोर जातो. म्हणूनच सुरुवातीला साडेसव्वीसऐवजी २८ कापले.